चोळमंडळ : कलावंतांनी उभारलेले आणि सावरलेले घर

परप्रांती स्थिरावलेल्या समाजाला दोन गोष्टींची ओढ सदैव असते. एक आपल्या भाषेची आणि दुसरी हक्काच्या चार भिंतींची. भाषा माणूस सोबत घेऊन येतो. चार भिंती मात्र नव्या भूमीवर नव्याने उभाराव्या लागतात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पहिल्या पिढीने वर्गणी कशी जमवली, जागा कशी मिळवली, याच्या आठवणी निघणे स्वाभाविकच आहे. परंतु वास्तू उभारण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही बिकट असा एक प्रश्न अर्धशतकानंतर पुढे उभा राहतो. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करताना तिच्यातले काय राखावे आणि काय बदलावे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या या चेन्नई नगरीच्या वेशीवरच एका कलावंतसमूहाने देऊन ठेवले आहे. त्या समूहाचा इतिहास मराठी वाचकांस फारसा परिचित नाही. म्हणून तो येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शहराच्या दक्षिणेस, महाबलिपुरमकडे जाणाऱ्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर इंजंबाक्कम हे गाव लागते. तेथे 'चोळमंडळ कलाग्राम' आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांस महाबलिपुरमला नेतो आणि वाटेतल्या या ग्रामावरून गाडी तशीच पुढे निघून जाते. आम्हीही बदलीवर येथे आल्यानंतर पहिली काही वर्षे तेच करीत होतो. पुढे एका रविवारी पाहुण्यांच्याच आग्रहाने तेथे उतरलो आणि त्यानंतर वारंवार जात राहिलो. नावातील 'मंडळ' हा शब्द पाहून आपले कुतूहल सहज चाळवते. येथे मंडळ म्हणजे प्रदेश. चोळ राजांचा तो चोळमंडळ. युरोपीय दर्यावर्दींच्या जिभेवर याच शब्दाचे 'कोरोमांडेल' झाले आणि आग्नेय किनाऱ्यास ते नाव चिकटले. तथापि या ग्रामाच्या बाबतीत आपल्याकडचा अर्थ, म्हणजे समान ध्येयाने एकत्र आलेल्या माणसांचा समूह, हाही तितकाच चपखल बसतो.

कलावंतांना स्वतःचे घर स्वतःच का बांधावे लागले हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. या तामिळ भूमीत कलेला राजाश्रयाची दीर्घ परंपरा होती आणि तिच्यातील एक महत्त्वाचे पर्व मराठ्यांचे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे आपली सत्ता स्थापिली. त्यांच्या वंशजांच्या आश्रयाने तंजावरची चित्रकला बहरली. फणसाच्या लाकडाची फळी, तीवर ताणून चिकटविलेले कापड, खडूच्या लेपाने दिलेला उठाव, सोन्याचा वर्ख आणि रंगीत काचखडे अशी तिची घडण. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे ज्यांचे नाव अजरामर झाले त्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, विद्या आणि कला या दोहोंनाही तेथे मानाचे स्थान होते. पुढे १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निवर्तले आणि पुरुष वारस नाही या सबबीवर कंपनी सरकारने गादी खालसा केली. गादी गेली तसा कारागिरांचा मोठा आधार गेला. चेट्टियार व्यापाऱ्यांसारख्या धनिकांनी ही कला पुढे जगवली हे खरे. परंतु ज्या कलेचे घर दुसऱ्याच्या वाड्यात असते, त्या कलेला वाड्याचे दार बंद होताच रस्त्यावर यावे लागते, हा धडा तंजावरने शिकविला. मराठी माणसास तो अधिकच जवळचा वाटावा.

राजाश्रयाची जागा पुढे सरकारी शिक्षणाने घेतली. तंजावरची गादी जाण्याच्या आधीच, १८५० मध्ये, अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने मद्रास येथे कलाशाळा काढली व दोनच वर्षांत सरकारने ती आपल्याकडे घेतली. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ चे, म्हणजे मद्रासची शाळा वयाने वडील. या शाळेचे वैशिष्ट्य असे की तिचा ओढा आरंभापासून हस्तव्यवसायांकडे होता. मातीकाम, लाकूडकाम, धातुकाम यांचे विभाग चित्रकलेच्या शेजारीच नांदत. १९२९ मध्ये देवीप्रसाद रायचौधरी हे तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मरीना किनाऱ्यावरील 'श्रमाचा विजय' हे शिल्प त्यांचेच. खडक हलविण्यासाठी देहाचे सारे बळ एकवटणारे ते चार श्रमिक आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. १९५७ मध्ये रायचौधरी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य के. सी. एस. पणिक्कर आले. चोळमंडळाची कथा खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

पणिक्करांचा जन्म १९११ चा, कोईमतूरचा. घरच्या जबाबदारीमुळे तरुणपणी त्यांस तारखात्यात नोकरी धरावी लागली आणि ती सोडून ते कलाशाळेत दाखल झाले तेव्हा वयाची पंचविशी आली होती. सरकारी नोकरीची शाश्वती म्हणजे काय हे आम्हां नोकरदारांस वेगळे सांगावयास नको. ती सोडताना झालेली ओढाताण पणिक्कर विसरले नसावेत. कारण पुढे आयुष्यभर त्यांस एकाच प्रश्नाने घेरले होते. कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने पोट कसे भरावे?

मुंबईत या प्रश्नाची धार काहीशी बोथट होती. तेथे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी पुरोगामी कलावंतांचा गट स्थापिला. त्यांस युरोपातून आलेले जाणकार समीक्षक आणि संग्राहक लाभले. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडले आणि चित्रे टांगण्यास भिंत मिळाली. मद्रासेत पणिक्करांनी पुरोगामी चित्रकारांची संघटना १९४४ मध्येच, म्हणजे मुंबईच्या तीन वर्षे आधी, उभी केली होती. तिच्यातर्फे १९६१ पासून 'आर्टट्रेंड्स' हे नियतकालिकही निघू लागले. पण संगीत आणि नृत्य यांवर जीव टाकणाऱ्या या नगरीत आधुनिक चित्र विकत घेणारे गिऱ्हाईक विरळाच होते. परिणामी पदवी घेतलेली मुले जाहिरातीच्या कचेऱ्यांत किंवा शाळांत चित्रकलेचे मास्तर म्हणून जात आणि स्वतःचे चित्र काढणे हळूहळू सोडून देत.

यावर पणिक्करांनी शोधलेला उपाय साधा होता. ज्या हातांस चित्र येते त्या हातांस हस्तव्यवसायही येतो, कारण त्यांच्या शाळेने दोन्ही शिकविले आहे. तेव्हा दिवसाचा काही वेळ हस्तव्यवसायास द्यावा, त्यातून चरितार्थ चालवावा आणि उरलेला वेळ निर्भेळ कलेसाठी मोकळा ठेवावा. चित्र विकले जाईल की नाही, ही धास्ती मग ब्रशावर स्वार होणार नाही. या विचारातून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कलावंतांची हस्तव्यवसाय संघटना स्थापन झाली आणि तिने बाटिक हे मुख्य साधन निवडले. बाटिक म्हणजे कापडावर वितळलेल्या मेणाने आकृती रेखावयाची आणि ते कापड रंगात बुडवावयाचे. मेण असेल तेथे रंग चढत नाही. नंतर दुसरे मेण, दुसरा रंग, आणि शेवटी कढत पाण्यात मेण उतरवावयाचे. मेणाला पडलेल्या तड्यांतून रंग झिरपून ज्या बारीक रेषांचे जाळे उमटते, तीच बाटिकाची खूण. वर्ग सुटल्यानंतर हे तरुण एकत्र बसून असे कापड तयार करीत. त्याची प्रदर्शने भरली आणि घराघरांतून माल खपला. चित्राला न मिळालेले गिऱ्हाईक कापडाला मिळाले.

त्या कमाईतून इंजंबाक्कमची सुमारे आठ-दहा एकर जमीन घेण्यात आली. वर्ष होते १९६६. त्या काळी तो भाग म्हणजे सरूची झाडे, वाळू आणि पलीकडे समुद्र. तीस-चाळीस कलावंतांचा हा मेळा. हळूहळू त्यांनी राहण्यासाठी लहान घरे, कामासाठी कार्यशाळा, प्रदर्शनासाठी दालन आणि नाट्य-काव्याच्या कार्यक्रमांसाठी 'भारती' नावाचे खुले रंगमंदिर उभे केले. पुष्कळसे काम स्वतःच्याच हातांनी, जमेल तसे आणि पैसा येईल तसे. विक्रीतला काही वाटा संघटनेकडे जाई आणि त्यातून सामाईक खर्च भागे. पणिक्कर १९६७ मध्ये प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्यावर स्वतः येथेच येऊन राहिले.

या वस्तीने कोणती कला दिली, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर ती केवळ एक गृहनिर्माण संस्था ठरेल. पणिक्करांची 'शब्द आणि चिन्हे' ही चित्रमालिका १९६३ च्या सुमारास सुरू झाली. त्या चित्रांत मजकुरासारख्या दिसणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या ओळी आहेत, गणिताच्या खुणा आहेत आणि आपल्या जन्मपत्रिकांतल्या कुंडलीसारख्या चौकटीही आहेत. घरातल्या जुन्या पोथीचे पान दुरून पाहावे तसा भास होतो. पी. व्ही. जानकीराम यांनी धातूचे पत्रे ठोकून, मंदिरातील मूर्तींच्या कवचाची आठवण करून देणारी शिल्पे घडविली. जे. सुल्तान अली हे मूळचे मुंबईत जन्मलेले. आदिवासी आणि लोककलेतील आकारांना त्यांनी आपल्या चित्रांत नवा जन्म दिला. के. रामानुजम हा एकाकी, व्यथित तरुण शाईच्या रेषांतून स्वप्ननगरे रेखाटीत राहिला आणि १९७३ मध्ये ऐन तारुण्यात त्याने आपली जीवनयात्रा संपविली. वस्तीने त्याला आसरा दिला होता. परंतु आसरा प्रत्येक दुःखावर औषध ठरत नाही, हेही या इतिहासाचे एक पान आहे. विश्वनाथनसारखे काही जण पॅरिसला गेले, तर एस. जी. वासुदेव पुढे बंगळूरला गेले. पणिक्कर स्वतः १९७७ मध्ये निवर्तले. नेता गेला की संस्था विस्कटते, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव. चोळमंडळ मात्र विस्कटले नाही. एकाच्या तालेवार देणगीवर न उभारता अनेकांच्या कमाईवर उभारल्यामुळेच ते टिकले, असे आम्हांस वाटते.

काळ मात्र कोणाचीच गय करीत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते आणि गिलावा सुटतो. कॅनव्हासवर दमटपणाची बुरशी चढते. त्याहून मोठा बदल भोवताली झाला. वाळूतली वाट जाऊन रुंद पूर्व किनारा मार्ग आला, जमिनीचे भाव आभाळास भिडले आणि सरूच्या बनांच्या जागी बंगले व उपाहारगृहे उभी राहिली. संस्थापक वृद्ध झाले, काही दिवंगत झाले. बाटिकाची ती मागणीही उरली नाही. अशा वेळी वस्तीपुढे दोन सोपे मार्ग होते. जसे आहे तसे मोडकळीस येऊ द्यावे आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत बसावे, हा एक; जमीन विकून प्रत्येकाने आपला वाटा घ्यावा, हा दुसरा. त्यांनी तिसरा मार्ग धरला. पणिक्करांचे पुत्र व स्वतः नामवंत धातुशिल्पकार एस. नंदगोपाल यांनी यात पुढाकार घेतला आणि २००९ च्या फेब्रुवारीत 'चोळमंडळ समकालीन कला केंद्र' या रूपाने प्रदर्शनाची नवी, विस्तारलेली वास्तू रसिकांस खुली झाली. तिची रचना चेन्नईच्या वास्तुरचनाकार शीला श्री प्रकाश यांची आहे.

या नूतनीकरणातील विवेक पाहण्यासारखा आहे. नव्या वास्तूत मद्रास कलाचळवळीचे संग्रहालय आहे. संस्थापक पिढीची चित्रे-शिल्पे तेथे कायमची मांडलेली आहेत आणि ती विक्रीसाठी नाहीत. तिला जोडूनच 'लॅबर्नम' आणि 'इंडिगो' अशी दोन दालने आहेत. ती बाहेरच्या कलावंतांस प्रदर्शनासाठी भाड्याने मिळतात. बाहेर शिल्पोद्यान आहे आणि हस्तव्यवसायाच्या वस्तूंची विक्रीही आहे. म्हणजे पणिक्करांचा मूळ हिशेबच नव्या रूपात पुढे चालू राहिला. पूर्वी बाटिक पैसा मिळवी आणि चित्र मोकळे राही. आता दालनांचे भाडे पैसा मिळविते आणि संग्रहालय मोकळे राहते. भिंती बदलल्या, उत्पन्नाचे साधन बदलले. पण ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते तसेच अबाधित राहिले.

तुलनेसाठी जीर्णोद्धाराची आणखी दोन उदाहरणे देतो. पहिले याच शहरातील. एग्मोरच्या संग्रहालयाच्या आवारात हेन्री अर्विन यांनी रचलेले, तांबड्या दगडाचे व्हिक्टोरिया स्मारक सभागृह १९०९ मध्ये उघडले. १९५१ पासून ते राष्ट्रीय कलादालन म्हणून ओळखले जाऊ लागले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि आपल्या तंजावरची सोनेरी चित्रेही तेथे होती. इमारत धोकादायक ठरल्याने २००२ मध्ये तिचे दरवाजे बंद झाले आणि पुढे कितीतरी वर्षे ते बंदच राहिले. यात कोणास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही स्वतः सरकारी सेवेत केस पांढरे केलेले. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, फेरमंजुरी ही पायरीपायरीची वाट आम्ही जाणतो आणि तिच्यामागची सावधगिरीही जाणतो. परंतु दगडी इमारत फायलीच्या गतीने जुनी होत नाही, ती पावसाच्या गतीने जुनी होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. भायखळ्याचे १८७२ मध्ये उघडलेले व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. ते अत्यंत जीर्ण झाले होते. महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि 'इंटॅक' ही वारसा जपणारी संस्था यांनी २००३ मध्ये त्रिपक्षीय करार केला. त्या कामास २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. त्यानंतर तेथे जुन्या वस्तूंच्या सान्निध्यात आजच्या कलावंतांची प्रदर्शनेही भरू लागली. सरकार, दाते आणि जाणकार एकत्र आले तर काय होऊ शकते याचा हा उत्तम दाखला.

एकीकडे केवळ शासन, दुसरीकडे शासनासह दानशूर संस्था, आणि चोळमंडळात वास्तव्य करणारे स्वतःच कर्ते. तिन्हींची आवश्यकता आहे. राष्ट्रीय ठेवा जपणे मूठभर कलावंतांच्या आवाक्यातले नव्हे. परंतु लहान संस्थांनी कोणाकडे पाहावे असे विचारल्यास आम्ही इंजंबाक्कमकडे बोट दाखवू. ज्यांनी विटा वाहिल्या त्यांस कोणती भिंत भार पेलणारी आणि कोणती केवळ आडोशाची, हे ठाऊक असते. जीर्णोद्धारात हेच ज्ञान मोलाचे असते, आणि ते नकाशात सापडत नाही. तेव्हा ही माणसे हयात असतानाच दुरुस्तीस हात घातला पाहिजे. चोळमंडळाने तो वेळेवर घातला. नंदगोपाल २०१७ मध्ये गेले, तेव्हा नवी वास्तू आठ वर्षे चालती-बोलती होती.

अर्थात सारे प्रश्न सुटले आहेत असे नव्हे. संग्रहालय झाले की एक नवा धोका संभवतो. भिंतीवर पूर्वज सन्मानाने विराजतात आणि अंगणात मात्र काम करणारा हात दिसेनासा होतो. कलावंतांच्या मुलांनी कलावंतच व्हावे, असा काही नियम नाही. चोळमंडळ हे घर राहणार की केवळ घराचे स्मारक, याचा निर्णय पुढची पिढी तेथे काय करते यावर अवलंबून आहे. आम्ही तेथे गेलो की म्हणूनच आधी दालनात न शिरता झाडांखालून एक फेरी मारतो. कोठे छिन्नी-हातोड्याचा आवाज आला तर बरे वाटते.

आता आपल्याकडे वळू. परप्रांतातील आपल्या मंडळांच्या वास्तू पहिल्या पिढीने अशाच वर्गणीतून, नाटकांच्या तिकिटांतून, दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून उभ्या केल्या. फराळ हेच आपल्या माता-भगिनींचे बाटिक होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. चकली-चिवड्याच्या पैशातून ग्रंथालयाची कपाटे आली आणि गणेशोत्सवाचे रंगमंच सजले. आता त्या वास्तू जीर्ण होत आहेत आणि जागोजाग नूतनीकरणाची भाषा ऐकू येते. वातानुकूलित सभागृह हवे, स्वयंपाकघर मोठे हवे, म्हणजे लग्नकार्यांस भाड्याने देता येईल, असे हिशेब मांडले जातात. भाडे हवेच, त्यावाचून विजेचे बिल भागत नाही. चोळमंडळही दोन दालने भाड्याने देते. पण ते कशासाठी देते, हे ध्यानी घेतले पाहिजे. भाड्याच्या पैशाने ग्रंथालय, बालवर्गातील मराठी आणि नाटकाची तालीम जगणार असेल, तर सभागृह कितीही मोठे बांधावे. ग्रंथालयाची खोलीच काढून भोजनगृह वाढविणार असू, तर वास्तू नवी होईल आणि मंडळ मात्र राहणार नाही.

तंजावरच्या चित्रकारांचे घर राजाच्या वाड्यात होते; १८५५ मध्ये ते एका फर्मानाने गेले. चोळमंडळाच्या कलावंतांचे घर त्यांच्या हातांच्या कमाईवर उभे होते, म्हणून ते अर्धशतकाहून अधिक काळ टिकले आणि वेळ येताच सावरताही आले. आपल्या पहिल्या पिढीने आपणांस दुसऱ्या प्रकारचे घर दिले आहे. त्या पिढीतील जे वडीलधारे आज आपल्यात आहेत, त्यांस बोलावून प्रत्येक खोली कशासाठी बांधली होती हे त्यांच्याच तोंडून विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. कंत्राटदारास बोलावण्याआधी करावयाचे काम हे आहे, आणि सुवर्णमहोत्सवाचे वर्ष त्यासाठी योग्य आहे.